तिसरी तार

आमच्या घरात वीज आली ती दोन तारांवर. तिसरी तार यायला २७ वर्षं लागली, आणि ती आली एका कॉम्प्युटरपायी. मधल्या काळात आमच्या घरानं एक माणूस गमावलं. म्हणून हे लिहितोय. वीज हा काय माझ्या शिक्षणाचा विषय नव्हे. मी दहावी शिकलेला शेतकरी. पण ज्याच्या घरात जळतं त्याला आगीची माहिती होते, तसं माझं झालं.

आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी अंगाला. कोयनेचं धरण आमच्याच जिल्ह्यातलं. डोंगराच्या पोटातनं पाणी पलीकडं पोफळीला उतरवून १९६२ पासनं तिथं वीज तयार व्हायला लागली. ती मोठमोठ्या मनोऱ्यांवरनं मुंबईकडं गेली आणि आमच्या वस्तीवर रॉकेलची चिमणीच राहिली. १९७७ साली दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडं खांब आले. मी तवा १८ वर्षांचा. खांबाचे खड्डे घेणाऱ्यांत मीपण होतो. हातभर खाली गेलं की मुरूम लागायचा आणि पहार ठणकन परत उडायची. ती गोष्ट पुढं पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

घरातलं फिटिंग करायला तालुक्याहून ठेकेदाराचा माणूस आला. लाकडी पट्टी ठोकली, तिच्यावर काळी रबरी वायर, वायरीला क्लिपा. तीन बल्ब आणि रेडिओसाठी एक प्लग. काम उरकत आलं तवा त्यानं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, "अर्थिंगचा खड्डा घ्यायचा का? त्याचं पैसं निराळं. नळी, कोळसा, मीठ सगळं तुमचं."

आबा म्हणाले, "त्या तारंतनं काय येतं?"

"काय येत न्हाई. येऊ बी ने."

"मग जिच्यातनं काय येतच न्हाई, तिचं पैसं कशापायी द्यायचं?"

सगळे हसले. मीपण हसलो. कागदावर मात्र अर्थिंग झाल्याचं लिहिलं गेलं आणि आबांनी खाली सही केली. १९५६ चे विजेचे नियम होते, त्यात अर्थिंगचं कलम होतं. ते कागद आमच्या वस्तीपर्यंत पोचले, तार पोचली नाही. आमचंच घर असं होतं असं नाही. साऱ्या आळीत कुणी खड्डा घेतला नव्हता.

आता ही तिसरी तार म्हणजे काय, ते माझ्या भाषेत सांगतो. एका तारेतनं वीज येते, ती फेज. बल्बात काम करून दुसरीतनं परत जाते, ती न्यूट्रल. पण ही न्यूट्रल गावाच्या डीपीपाशी जमिनीत पुरलेली असते. म्हणजे विजेला परत जायला दोन वाटा झाल्या. एक तारेची आणि दुसरी जमिनीची. अनवाणी माणसाचा हात फेजला लागला की तो त्या दुसऱ्या वाटेतला दुवा होतो. वीज त्याच्या हातातनं शिरते, छातीतनं जाते आणि पायातनं जमिनीत उतरते. तिसरी तार ही यंत्राच्या लोखंडी अंगाला बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक जमिनीत असतं. आत एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली, तर वीज माणसाची वाट न बघता त्या तारेनं जमिनीत धावते. धावते ती एवढ्या जोरानं की फ्यूज उडून सगळं बंद होतं.

शेतकऱ्याला हे अवघड नाही. आपण ताल घालतो तवा त्याला सांडवा ठेवतो. सांडव्यातनं बाराही महिने पाणी वाहत नाही. उलट तो कोरडा असतो हेच चांगलं. पण ज्या रात्री ढग फुटतो त्या रात्री ताल फुटायची का राहायची, ते सांडवा ठरवतो. आबांनी आयुष्यभर सांडवे काढले. दुसऱ्याच्या रानात सांडवा नसला तर बोलायचे. पण विजेचा सांडवा त्यांना त्या दिवशी कुणी सांगितला नाही. "काय येत न्हाई" एवढंच सांगितलं.

१९८८ च्या जुलैची गोष्ट. त्या साली पाऊस बरा होता. आठ दिवस झड लागली होती. घरामागं पत्र्याचं छप्पर होतं, लाकडी मेढींवर. त्यात एक बल्ब नेला होता, त्याची वायर पत्र्याच्या कडेवरनं ओढलेली. वाऱ्यानं पत्रा हलून हलून ती वायर एका जागी सोलली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पत्रा मेढींवर असल्यानं जमिनीला कुठं लागत नव्हता. तो नुसता विजेनं भरून बसला होता. छपराच्या आढ्यापासनं अंगणातल्या बाभळीपर्यंत कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली. काकी ओलं लुगडं घेऊन गेली आणि तिनं तारेवर हात टाकला.

काकी म्हणजे माझी चुलती. माझी आई लवकर गेली, तवा काकीनंच मला वाढवलं. एवढंच लिहितो.

लाकडी काठीनं तार तोडली, तालुक्याला नेलं, पण उपयोग झाला नाही. दहावा-तेरावा झाला. मग एका रात्री मी मीटरच्या पेटीपाशी गेलो. फ्यूजची चिनीमातीची खुंटी काढून बघितली. आत बारीक फ्यूजतार नव्हती, जाड तांब्याच्या दोन पिळलेल्या तारा होत्या. त्या मी घातल्या होत्या. उन्हाळ्यात फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मीच कडबा कापायच्या कटरची वायर सोलून घातली होती. घरात सगळ्यांनी मला शहाणा म्हटलं होतं.

मला बरेच दिवस वाटायचं की ती तार मी घातली नसती तर काकी वाचली असती. पुढं कळलं की हे अर्धंच खरं. माणूस मरायला फार थोडी वीज लागते. एका अँपिअरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला अंगाला मुंग्या येतात. दहा-पंधरा भागांना हात आखडतो, सोडू म्हटलं तरी सुटत नाही. पन्नास-शंभर भाग छातीतनं गेले तर काळजाचा ठोका बिघडतो. घरातला फ्यूज पाच अँपिअरचा, म्हणजे पाच हजार भागांचा. माणूस मरेल पण नुसता फ्यूज त्याच्यासाठी उडणार नाही. पत्र्याला अर्थिंगची तार असती आणि फ्यूज नेमका असता, तर वायर सोलली त्याच घडीला फ्यूज उडाला असता. काकी घरातनं बाहेर पडायच्या आधीच. दोन्ही पाहिजे होतं. आमच्या घरात दोन्ही नव्हतं. एक आबांमुळं आणि एक माझ्यामुळं. आबा आणि मी त्यावर कधी बोललो नाही.

त्यानंतर छपरातला बल्ब काढून टाकला, फ्यूजला नेमकी तार घातली. पण खड्डा काही घेतला नाही. का घेतला नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही. माणूस दुःख करतो आणि पुन्हा पेरणीला लागतो.

पुढं काही वर्षांनी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. पोरगी कॉलेजातनं पुस्तकं आणायची, काही तालुक्याच्या वाचनालयात मिळाली. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. जर्मनीत स्टाइनहाइल नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १८३८ साली ते तारायंत्रावर काम करत होते. वेगळी तार ओढायचा खर्च वाचावा म्हणून त्यांनी न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ या रेल्वेचे रूळच तार म्हणून वापरायचं ठरवलं. पण रुळांतली वीज जमिनीत झिरपायला लागली. प्रयोग फसला. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. यांना उलटं सुचलं: जमीन जर वीज पिते, तर परतीच्या वाटेला जमीनच का वापरू नये? मग त्यांनी एकच तार ओढली, दोन्ही टोकांना जमिनीत पत्रे पुरले, आणि निरोप जायला लागले.

आपल्याकडं तारायंत्र आलं तेही या शोधाच्या जिवावर. १८५४-५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेनं जोडले गेले. एकेका निरोपाला एकेक तार, आणि परतीचं काम भुईचं. म्हणजे मातीचा विजेशी पहिला सोयरसंबंध काटकसरीतनं जुळला. आबांनी काटकसरीपायी मातीला तार जोडली नाही आणि त्या शास्त्रज्ञानं काटकसरीपायीच जोडली. हे वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

दिवे आणि यंत्रं आली तवा मातीचं दुसरं काम सुरू झालं, जीव वाचवायचं. ते सहज मान्य झालं नाही. न्यूट्रल तार जमिनीत पुरावी का नाही यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद चालला. १९१३ साली तिथल्या नियमात घरगुती लाइनची न्यूट्रल जमिनीला जोडायची सक्ती आली. आपल्या घरातला तीन गोल पायांचा प्लग इंग्रजांचा. त्याचं माप त्यांनी १९३४ साली ठरवलं. १९४७ साली त्यांनी चौकोनी पायांचा नवा प्लग काढला. आपण जुनाच चालू ठेवला आणि तो आजही चालतो. त्याचा वरचा पाय नीट बघा. बाकीच्या दोघांपेक्षा लांब आणि जाड असतो. ते दिसायला नव्हे. खोचताना तो सगळ्यात आधी लागावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. विजेच्या आधी मातीचा आधार, आणि वीज गेल्यावरच आधार सुटणार. एवढा विचार त्या एका पायात आहे. आणि आपल्याकडं प्लग बसत नाही म्हणून पकडीनं तोडला जातो तो हाच पाय.

२००४ साली आमच्याकडं कॉम्प्युटर आला. धाकटी पोरगी बारावी होऊन एमएस-सीआयटीचा कोर्स करून आली होती. तिला घरी टायपिंगची कामं घ्यायची होती. अर्ज, दाखले, संस्थेचे अहवाल. त्या वर्षी कांद्यानं चार पैसे दिले होते. सुटे भाग जुळवून केलेला कॉम्प्युटर घेतला. दुकानातला पोरगा खोकी घेऊन मोटारसायकलवर आला. मॉनिटर मागनं हंड्यासारखा फुगलेला. खाली लोखंडी डबा, त्याला ती सगळी 'सीपीयू' म्हणायची. आबा तवा ७४ वर्षांचे, खाटेवर बसून बघत होते.

आमच्या बोर्डाला दोनच भोकं. दुकानातल्या पोरानं खिशातनं एक बारकी वस्तू काढली, एका बाजूला तीन भोकं आणि दुसऱ्या बाजूला दोन पाय. तिच्यात प्लग खोचला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी आली. आळीतली पोरं दारात गोळा झाली. पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, "आप्पा, ह्यो डबा चावतोय."

मी हात लावला. पालथ्या बोटांनी पत्र्यावरनं हात फिरवला की मुंग्या येत होत्या, बारीक सणसण. पायात चप्पल असली तर कळायचं नाही. शेणानं सारवलेल्या भुईवर अनवाणी उभं राहिलं की चांगलं कळायचं. टेस्टर लावला तर तो पेटला. मी तडक बटण बंद केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्रा, सारवलेली ओली भुई आणि माझ्या घरातली बाईमाणूस. सोळा वर्षांपूर्वीचं सगळं तसंच परत मांडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांच्याच कॉम्प्युटरला येतं ते. चप्पल घालून बसायचं." पोरगी घरी रुसली होती. तिच्याकडं एका संस्थेच्या अहवालाची पानं पडून होती आणि मी कॉम्प्युटर लावू देत नव्हतो. "आप्पा, सगळं गाव वापरतंय, तुम्हालाच भ्या वाटतंय," म्हणाली. मी बोललो नाही. तिला काकीचं काय आठवणार? ती तवा दोन-अडीच वर्षांची होती.

दुकानातला पोरगा पुन्हा आला. त्यानं बोर्ड बदलून तीन भोकांचा बसवला आणि म्हणाला, "काका, तिसऱ्या भोकापासनं न्यूट्रलपर्यंत एक वितभर वायर जोडतो. मुंग्या बंद." त्यानं वायर सोलायला घेतली.

तेवढ्यात आबा खाटेवरनं म्हणाले, "थांब जरा. बापूला बोलवा."

बापू म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीचे निवृत्त वायरमन. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस. ते आले, बोर्ड बघितला, त्या पोराच्या हातातली वायर काढून घेतली आणि त्याला समोर बसवून विचारलं, "लेका, वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली तर काय हुईल?"

पोरगा गप्प.

मग बापूंनी आम्हा सगळ्यांनाच सांगितलं. न्यूट्रल जोवर धड आहे तोवर ही वितभर वायर गुणानं राहते. ती कुठं तुटली किंवा ढिली झाली, की यंत्रातनं परत निघालेली वीज या उडीवरनं सरळ डब्याच्या पत्र्यात येते. आत्ता मुंग्या येतात, तवा मात्र पुरे २३० व्होल्ट. दुसरं म्हणजे पावसाळ्यात लाइन दुरुस्त करताना खांबावर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होऊन बसते. दिव्याला फरक पडत नाही, तो पेटतोच. पण ही उडी असली तर बटण दाबल्या घडीला डबा जिवंत. "मुंग्या बंद करायला माणूसच बंद करशील," म्हणाले.

मुंग्यांचं कारणही त्यांनीच सांगितलं. कॉम्प्युटरच्या डब्यात वीज बदलून देणारी एक पेटी असते. तिच्यातला खडखडाट बाहेरच्या लाइनीत जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाशी एक गाळणी बसवलेली असते. त्या गाळणीत दोन बारके कंडेन्सर. एक फेजपासनं डब्याच्या पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासनं पत्र्याला. त्यांच्यातनं किंचित वीज पत्र्याकडं येते आणि ती अर्थच्या तारेनं जमिनीत जावी असा बेत असतो. तार नसली की ती जाणार कुठं? पत्र्यावर बसून राहते. फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये लटकल्यासारखी, निम्म्या दाबानं. बापूंनी मीटर लावून दाखवलं, काटा ११० च्या पुढं गेला. पण तिच्यात जोर नसतो, हजारातला एखादा भाग. म्हणून मुंग्या येतात, माणूस मरत नाही.

"मग चालू ठेवायला हरकत न्हाई म्हणायची?" पोरीनं विचारलं.

बापू म्हणाले, "ताई, ह्या मुंग्या म्हणजे निरोप हाय. डबा सांगतोय, मला भुई न्हाई. आज गाळणीतलं थेंबभर आलंय. उद्या आतली वायर सुटली, न्हाईतर उंदरानं कुरतडली, तर सगळा लोंढा यील. त्याला बी वाट न्हाई."

ती गप्प झाली. आबा मला म्हणाले, "खड्डा कुठं घ्यायचा ते बघ."

जागा आबांनीच सांगितली. बापूंचं म्हणणं घराजवळ, वायर जवळ पडेल असा घ्यावा. आबा म्हणाले, तिथं मुरूम आहे, मुरमात ओल टिकत नाही. न्हाणीच्या मागं, जिथं सांडपाण्यावर केळी उभ्या आहेत, तिथं काळी माती आहे. वैशाखातसुद्धा ती जागा गार असते. बापूंनी आबांकडं बघितलं आणि हसले. म्हणाले, "आबा, तुमी आमच्या खात्यात पाहिजे हुता." अर्थिंगचं सगळं मर्म ओलीत आहे. कोरड्या मुरमात नळी पुरली तर ती वीज पिता पीत नाही. ओल्या काळ्या मातीत खारट पाणी झिरपलं की पिते. कोणती जागा ओल धरते हे ओळखायला शेतकऱ्याला यंत्र लागत नाही.

मी आणि थोरल्या पोरानं खड्डा घेतला, नऊ फूट. अडीच मीटरची जस्ताचा मुलामा दिलेली नळी उभी केली. तिला खालनं भोकं पाडलेली. भोवती कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, असं रचत वर आलो. नळीच्या तोंडाला पाणी ओतायला नरसाळं बसवलं, भोवती विटांचा चौकोन बांधला. नळीपासनं जाड जस्ताची तार घरात आणली, मीटरच्या पेटीपाशी, आणि तिथनं हिरवी वायर प्रत्येक बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला. सगळा खर्च कॉम्प्युटरच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता.

बापूंनी मोजायचं यंत्र आणलं होतं. मोजून ते म्हणाले, एवढ्यावर भागत नाही, आणि हिशेब मांडला. नळीचा अडथळा १० ओहम असला तर बिघाडाच्या वेळी २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वीज जमिनीत जाईल. पाच अँपिअरचा फ्यूज उडणार. पण उन्हाळ्यात माती वाळली, अडथळा १०० झाला, तर २.३ अँपिअरच जाईल. फ्यूज उडणार नाही आणि डबा जिवंत राहील. म्हणून पेटीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवायचं. ते येणारी आणि परत जाणारी वीज तोलून बघत असतं. हजारातले ३० भाग जरी दुसऱ्या वाटेनं गेले तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होतं. त्या यंत्रामागं मोठा अभ्यास आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. किती विजेला माणसाचा हात सुटत नाही, हे त्यांनी स्वखुशीनं आलेल्या माणसांवर मोजून ठरवलं आणि १९६१ च्या सुमारास तसं बंद पडणारं यंत्र केलं. १९६१ साल. काकीच्या आधी २७ वर्षं. आमच्यापर्यंत पोचायला आणखी १६ लागली.

बटण चालू केलं. मी अनवाणी उभा राहिलो, पालथा हात डब्यावर ठेवला. काही नाही. थंड पत्रा. पोरगी हसली आणि टायपिंगला बसली. मी बाहेर येऊन केळीपाशी जरा वेळ बसलो.

सगळं तिथंच संपलं असं नाही. २००६ च्या मे महिन्यात वळवाचा मोठा पाऊस आला. तवा कॉम्प्युटरला इंटरनेटसाठी टेलिफोनची तार जोडलेली होती. गावाबाहेर वीज पडली आणि त्या तारेवाटे झटका येऊन आतलं मोडेम जळून गेलं. अर्थिंग होतं, आरसीसीबी होतं, पण टेलिफोनची वाट उघडी होती. तवापासनं घरात नियम झाला. ढग गडगडले की विजेचा प्लग आणि टेलिफोनची तार दोन्ही काढून ठेवायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. झटका थोपवायच्या ज्या पट्ट्या दुकानात मिळतात त्यासुद्धा झटका मुख्यतः जमिनीतच ढकलतात. घराला अर्थिंग नसेल तर त्यांचं अर्धं काम तिथंच सरतं.

आता नातवंडांचा काळ आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तवा घरोघरी पोरं मोबाइल, लॅपटॉप घेऊन बसली. मी आळीत फिरून बोर्ड बघायचो. लोक हसायचे, "आला बगा अर्थिंगवाला." लॅपटॉपच्या कडेला हात लावून मुंग्या येतात का एवढंच विचारायचो. बऱ्याच ठिकाणी यायच्या. काही घरांत बोर्डाला तीन भोकं होती, पण मागं उघडून बघितलं तर तिसऱ्याला तारच नाही. भोक आहे म्हणजे अर्थ आहे असं समजू नये. काही ठिकाणी ती वितभर उडीही सापडली, ती वायरमन बोलावून काढायला लावली. पाच-सहा घरांनी खड्डे घेतले. बाकीच्यांनी चप्पल घातली.

एवढं मात्र सगळ्यांना सांगतो. प्लगचा लांब पाय तोडू नका. फ्यूजला जाडी तार घालू नका. आरसीसीबीला एक चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातनं एकदा दाबून बघा, तेवढ्यासाठीच ते दिलेलं असतं. डबा उघडायचा तर आधी प्लग काढा. आणि हे काम जाणत्या वायरमनकडनं करून घ्या, स्वतः खटाटोप करू नका. मी एकदा केलाय.

आबा २०११ साली गेले. खड्डा झाल्यापासनं शेवटच्या आजारापर्यंत उन्हाळ्यात त्यांचा एक नेम होता. दिवस मावळायच्या आधी पाण्याची कळशी घेऊन न्हाणीमागं जायचे आणि नरसाळ्यात हळूहळू ओतायचे. घाईनं ओतलं तर बाहेर सांडतं म्हणून दमादमानं. एकदा मी म्हटलं, "आबा, पोरं घालतील की." तर म्हणाले, "घालतील. पर इसरतील. त्यातनं काय येत न्हाई ना, म्हणून इसरतं माणूस."

काकीचं नाव त्यांनी तवाही काढलं नाही. पण मला कळलं.

आता ती कळशी मी घेऊन जातो. केळी अजून आहेत.